आईंचे जोडवे कापले त्या दिवसापासून

२०२३ ची दिवाळी आठ दिवसांवर आली होती. आईंच्या पायाची बोटं इतकी सुजली की जोडवे मांसात रुतले. तेल लावून झालं, साबण लावून झाला, बोटाला दोरा गुंडाळून झाला. शेवटी सोनाराला घरी बोलावलं आणि त्यानं बारीक पकडीनं चांदी कापली. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना दुखलं नाही, तरी पदर डोळ्यांना लावला. "तुहा सासरा जिता हाये, अन् माहे पाय उघडे झाले व," एवढंच म्हणाल्या. कापलेले तुकडे मी कागदात बांधून देवाजवळच्या डबीत ठेवले.

मी आशा स्वयंसेविका आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात आमचं गाव. बारा वर्षांपासून हे काम करते. गरोदर बाईच्या पायावर सूज दिसली की मी तिला तिथंच बसवते, बीपी बघायला लावते, लघवी तपासायला पाठवते. आणि माझ्याच घरात एक बाई चार महिने सुजलेले पाय घेऊन चुलीपुढे बसत होती. हे लिहिणं सोपं जात नाही. पण माझ्यासारख्या घरोघरी फिरणाऱ्या बायांनी तरी हे वाचावं, म्हणून लिहिते.

खोकला त्यांना मी लग्न होऊन आले तेव्हापासूनच होता. पहाटे उठल्या की दहा-पंधरा मिनिटं खोकायच्या, पांढरा बेडका पडायचा, मग चूल पेटवायच्या. थंडीत जास्त, पावसाळ्यात जास्त. दोनदा मी स्वतः त्यांची थुंकी टीबीच्या तपासणीला नेली. दोन्ही वेळा टीबी नाही निघाली. टीबी नाही म्हटल्यावर आम्ही सुटकेचा श्वास टाकला आणि पुढं काही विचारलंच नाही. मग दम लागायला लागला. आधी निंदणाला जाणं बंद झालं. मग हापशीवरून गुंड आणताना मधे दोनदा थांबायला लागल्या. मग आंघोळ पाटावर बसून, हळूहळू. "जीव घाबरते व," म्हणायच्या. एकसष्ट वय, आम्ही वयाच्या खात्यावर टाकत गेलो.

सूज आली तशी आमच्याकडं आठवड्यातून दोनदा येणाऱ्या एका डॉक्टरला दाखवलं. त्यानं पापणी ओढून पाहिली, रक्त कमी आहे म्हणाला. रक्तवाढीचं औषध दिलं आणि अशक्तपणा जायला सलाईन लावली. एकदा नाही, तीन वेळा. आमच्या भागात सलाईन लावली नाही तर पेशंटलाही इलाज झाल्यासारखं वाटत नाही, आईंनाही वाटलं नसतं. ज्या शरीरात आधीच पाणी साठत होतं त्यात आम्ही पैसे देऊन आणखी पाणी ओतत होतो. तिसऱ्या सलाईनच्या रात्री त्या आडव्या होऊ शकल्या नाहीत. भिंतीला टेकून, पुढं उशी घेऊन, ओठांचा चंबू करून श्वास सोडत बसून राहिल्या. दिव्याच्या उजेडात त्यांचे ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी गाडी करून शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथं हृदयाची पट्टी म्हणजे ईसीजी काढला, एक्स-रे काढला, हार्ट वाढलंय म्हणाले आणि अँजिओग्राफी करावी लागेल म्हणाले. माझ्या मिस्टरांनी कापसावर उचल घेतली. अँजिओग्राफीत एकही ब्लॉकेज निघालं नाही. "नळ्या चांगल्या आहेत, घरी न्या," म्हणून सुट्टी दिली, सोबत पाच प्रकारच्या गोळ्या. मग पाय का सुजतात, ओठ का निळे पडतात, हे विचारलं तर वय आहे, वजन आहे, असं उत्तर मिळालं. हार्ट वाढलंय तर कुठल्या बाजूनं वाढलंय, हे त्यांनी सांगितलं नाही. आम्हाला तरी कुठं माहीत होतं की हृदयाला दोन बाजू असतात आणि दोघींचं दुखणं वेगळं असतं.

सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्यात न्यायचं मामाजींनी ठरवलं. मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांची बहीण वर्ध्याकडच्या खेड्यात दिलेली. तिकडच्या गावांतले लोक सुगीला ज्वारी देऊन कस्तुरबा दवाखान्याचा वर्षभराचा विमा काढायचे, हे ते आम्हाला नेहमी सांगायचे. त्यांचा विश्वास त्या ज्वारीवर होता. पहाटे कळंबला चिंतामणीला बाहेरूनच हात जोडले आणि देवळीमार्गे वर्ध्याची गाडी धरली. देवळीच्या स्टँडवर एसटी थांबली तेव्हा आईंनी खिडकीची दांडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, जणू ती सोडली तर श्वासही सुटेल.

ओपीडीत एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी आधी बोटाला ऑक्सिमीटर लावलं. ७६. त्यांनी बोट बदललं, पुन्हा ७६. मग आईंना अर्धवट टेकवून बसवलं आणि मान एका बाजूला वळवायला सांगितली. मला जवळ बोलावून म्हणाले, "ताई, इथं बघा." मानेवरची शीर कानाच्या पाळीपर्यंत भरून उडत होती. मी रोज त्या मानेतलं काळ्या मण्यांचं मंगळसूत्र बघत होते, ती शीर कधी बघितली नव्हती. नडगीवर अंगठा दाबून त्यांनी दहापर्यंत मोजलं आणि अंगठा काढला. तिथं सुपारी मावेल एवढा खड्डा पडला आणि बराच वेळ भरला नाही. उजव्या बरगडीखाली हात ठेवला तशा आई कळवळल्या. दोन घासांत पोट भरल्यासारखं का वाटतं, ते तेव्हा कळलं. रक्त उलटं तुंबून लिव्हर सुजलं होतं.

मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "आई, स्वयंपाक कशावर करता?"

"चुलीवर. अन् कशावर?"

"किती वर्षांपासून?"

"मायकडं होती तवापासून. आठ-धा वर्षांची असन."

"जळण काय?"

"पऱ्हाटी, तुराटी. पावसाळ्यात शेण्या."

त्यांनी कागदावर पन्नास लिहिलं. पन्नास वर्षं. रोजचे चार तास तरी. बिडी ओढली का, असं आईंना आधीच्या दवाखान्यातही विचारलं होतं, आणि त्या नाही म्हटल्यावर धुराचा विषय तिथंच संपला होता.

मला त्या खुर्चीवर बसवत नव्हतं. कारण हा प्रश्न माझ्याकडं छापील आहे. तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा एक फॉर्म आम्ही आशा भरतो. तंबाखू खाता का, कंबर किती, घरात कोणाला शुगर आहे का, असं सगळं त्यात असतं. त्याच फॉर्ममध्ये स्वयंपाकाचं इंधन काय, असा रकाना आहे. लाकूड, पिकाचा काडीकचरा, शेण्या, कोळसा, रॉकेल, गॅस. जे लागू असेल त्यावर गोल करायचा. मी सगळ्या गावाचे गोल केलेत. आईंच्या फॉर्मवरही लाकूड, काडीकचरा आणि शेण्या असे तीन गोल माझ्याच हातचे आहेत. गोल करून मी पान उलटलं.

त्याहून वाईट गोष्ट २०२० ची आहे. कोरोनात 'माझं कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली तेव्हा आम्ही ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरत होतो. ९५ च्या खाली दिसलं की तपासणीला पाठवायचं. घरी येऊन आईंच्या बोटाला लावलं तर ९२ आलं. हात गार असतील म्हणून चोळून लावलं, ९३. कोरोना सेंटरला नेतील या भीतीनं त्या रडायला लागल्या. मी आणखी चोळलं, बोट बदललं, एकदा क्षणभर ९५ दिसलं. मी ९५ लिहिलं. त्यांना कोरोना नव्हता, हे खरं. पण ते यंत्र तेव्हाच काहीतरी सांगत होतं, आणि मी त्याला माझ्या सोयीचं बोलेपर्यंत चोळत राहिले.

इकोच्या खोलीत मला आत येऊ दिलं. अंधारात आईंच्या छातीवर गार जेल लावून मॅडम बराच वेळ बघत होत्या. पडद्यावर काळ्या पोकळ्या उघडमीट करत होत्या. डावा कप्पा त्यांनी दाखवला. तो जोरात आकसत होता, पंपिंग ६० टक्के, अगदी व्यवस्थित. मग उजवा खालचा कप्पा, ज्याला शाळेच्या पुस्तकात उजवी जवनिका म्हणायचे. एरवी तो डाव्यापेक्षा लहान दिसतो, पातळ भिंतीचा. आईंचा फुगून डाव्याच्या बरोबरीला आला होता आणि मधला पडदा डावीकडं ढकलत होता. भिंत मोजली, ८ मिलिमीटर. ५ पर्यंत ठीक. फुप्फुसाच्या धमनीतला दाब ६८. तो साधारण पस्तिशीच्या आत असायला हवा. रिपोर्टवर आरव्हीएच अशी तीन अक्षरं होती, म्हणजे उजव्या कप्प्याची भिंत जाड होणं.

रात्री वॉर्डात डॉक्टर आले आणि मामाजींच्या शेजारी स्टुलावर बसले. त्यांनी जे समजावलं ते मी नंतर गावात किती जणींना सांगितलं असेल, मोजलं नाही.

त्यांनी मामाजींना विचारलं, "ओलीत करता का?" मामाजी म्हणाले, "हाव, विहीर हाये." "एखाद्या वाफ्यात पीक जळालं असेल तर तिथं पाणी सोडता का?" "कायले सोडीन? दांडाचं तोंड माती टाकून बंद करतो." "फुप्फुसही तेच करतं," डॉक्टर म्हणाले. ज्या भागात हवा नीट पोचत नाही तिथं रक्त पाठवून उपयोग नाही, म्हणून तिथल्या रक्ताच्या बारीक नळ्या स्वतःच आवळतात. थोड्या भागात असं झालं तर ती शहाणी सोय आहे. पण धुरानं जवळजवळ सगळंच शेत असं झालं, तर सगळ्याच दांडांची तोंडं आवळली जातात. वर धुरानं कितीतरी नळ्या कायमच्याच नष्ट केलेल्या. पाणी तेवढंच, वाट अरुंद. मग दाब वाढतो.

"आणि मोटार कोणती?" त्यांनीच विचारलं आणि त्यांनीच सांगितलं. हृदयाची डावी बाजू ही मोठी मोटार, सगळ्या अंगाला रक्त पोचवणारी. उजवी बाजू लहान, तिचं काम फक्त शेजारच्या फुप्फुसात रक्त ढकलायचं. तिची भिंत पातळ असते कारण तिला जोर लावायची गरजच नसते. तिला वर्षानुवर्षं मोठ्या मोटारीचं काम दिलं तर काय होईल? आधी ती दंड कमावते, म्हणजे भिंत जाड होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बळ आलं. मग एक दिवस ती थकते, फुगते, आणि मागचं पाणी मागेच तुंबतं. मानेत, लिव्हरमध्ये, पायात.

मामाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आईंच्या पायाकडं बघून म्हणाले, "म्हंजे बुढीनं भाकरी केल्या आमच्या, अन् मोटार जळाली तिची." डॉक्टर म्हणाले, "जळाली नाही अजून बाबा. भार कमी करू."

पुढच्या दिवसांत बऱ्याच तपासण्या झाल्या. फुप्फुसात रक्ताची गाठ तर अडकली नाही ना, हे बघायला सीटी स्कॅन झालं. तशी गाठ असली तरी उजव्या बाजूवर असाच भार येतो आणि मग इलाजच वेगळा. गाठ नव्हती. जन्मजात छिद्र नाही, झडपेचा आजार नाही, हे इकोतच दिसलं होतं. लहानपणी सांधे दुखून ताप येणाऱ्यांच्या झडपा खराब होतात, त्यांच्याही हृदयाची उजवी बाजू पुढं अशीच होऊ शकते, असं सिस्टरांनी सांगितलं. हिमोग्लोबिन १७.९ निघालं. रक्त कमी म्हणून आम्ही दोन महिने रक्तवाढीच्या बाटल्या पाजत होतो, आणि शरीर प्राणवायूच्या ओढीनं आधीच जास्तीचं रक्त बनवून घट्ट करून बसलं होतं.

फुंकायची तपासणी मात्र मला जन्मभर आठवेल. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि टेक्निशियन मुलगी ओरडतेय, "जोरात फुंका आई, फुंका, फुंका, अजून फुंका, सोडू नका!" सहा सेकंद तरी सलग फुंकायचं असतं. आई दोन सेकंदात खोकून थांबायच्या. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. त्यांच्या हातातली ती नळी बघून मला घरची फुंकणी दिसत होती. लोखंडी, तोंडाकडं झिजून चकचकीत झालेली. ओल्या पऱ्हाटीला जाळ धरत नाही तेव्हा त्या फुंकणीवर वाकून, डोळ्यांतून पाणी गाळत, ही बाई आयुष्यभर फुंकत आलेली. आणि आता पुठ्ठ्याच्या नळीत फुंकायला तिच्याकडं श्वास उरला नव्हता. चौथ्यांदा जमलं. सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार, तोही गंभीर प्रकारचा.

वॉर्डातली माझी एक चूक सांगायलाच हवी, कारण ती कुणाकडूनही होऊ शकते. आईंना नाकातल्या नळीनं दोन लिटर ऑक्सिजन सुरू होता. दुसऱ्या रात्री त्यांची धाप वाढल्यासारखी वाटली, मशीनवर ८९ दिसत होतं. मला वाटलं, ऑक्सिजन तर चांगलाच, जास्त दिला तर काय बिघडतं? मी सहावर नेला. आकडा ९८ झाला, मला बरं वाटलं. तासाभरात त्या हाक मारली तरी डोळे उघडेनात. सिस्टर धावत आल्या, ऑक्सिजनच्या मीटरमधली गोटी खाली आणली, मनगटाच्या धमनीतून रक्त काढून तपासायला पाठवलं. अशा सीओपीडीच्या पेशंटना जास्त ऑक्सिजन दिला तर आतला कार्बन डायऑक्साइड वाढून गुंगी येते. त्यांना ८८ ते ९२ पुरे असतं. कोरोनानं आम्हाला ९५ चा आकडा पाठ करून दिला होता, पण प्रत्येक छातीचा आकडा वेगळा असतो. पहाटे आईंनी पाणी मागितलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

लघवी वाढवायच्या इंजेक्शननं पाणी उतरू लागलं. रोज सकाळी वजन. भरती केलं तेव्हा ५८ किलो, नवव्या दिवशी ५१. सात किलो नुसतं पाणी. घोटे दिसायला लागले, पायाच्या शिरा दिसायला लागल्या. रात्री सपाट झोपता येऊ लागलं. आईंना सगळ्यात जड गेलं ते मीठ. लोणचं, पापड, ठेचा सगळं बंद. "तिखट चालते का?" असं त्यांनी राउंडला आलेल्या मोठ्या सरांना विचारलं. तिखट चालते म्हटल्यावर चेहरा खुलला. बिनमिठाचा तिखटाचा गोळा खाणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

सुट्टी देताना इनहेलर ओढायची पद्धत चार वेळा करून घेतली. हे महत्त्वाचं आहे, आमच्या गावात तीन घरांत इनहेलर आहेत आणि तिघंही चुकीचा ओढत होते. दरवर्षी फ्लूची लस, आणि लेकरांना देतो तशी न्यूमोनियाची लस मोठ्यांनाही असते ती. आणि ऑक्सिजन, घरी, रोज किमान पंधरा तास. दम लागला की दोन मिनिटं घ्यायचा आणि ठेवायचा, असा नाही. पंधरा तासांच्या वर सतत घेणाऱ्यांचं आयुष्य वाढतं, हे १९८० च्या सुमारास परदेशात दोन मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे, असं सरांनी सांगितलं. त्यानं नळ्यांचं आवळणं कमी होतं, उजव्या कप्प्याचा भार हलका होतो. मी सरळ विचारलं, भिंत पुन्हा पातळ होईल का? ते म्हणाले, "फुप्फुस परत येणार नाही. भिंतीचं सांगता येत नाही. पण सूज येऊ न देता तिला चालवता येईल." मला हे खरं बोलणं आवडलं.

भरतीचा बराचसा खर्च योजनेत बसला, घरी लागणारं मशीन बसलं नाही. नवं पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर पंचेचाळीस हजारांचं. वर्ध्याच्या एका ओळखीच्या घरात कोरोनात घेतलेलं पडून होतं, ते बावीस हजारांत मिळालं. त्यावर ३५० वॅट लिहिलंय. सोळा तास चाललं की दिवसाला साडेपाच युनिटच्या वर, महिन्याला एकशे सत्तरच्या आसपास. बिल बघून मामाजी गप्प राहिले. उन्हाळ्यात अवकाळी वादळ आलं की आमच्याकडं लाईन रात्रभर जाते, म्हणून एक भरलेला सिलिंडर कोपऱ्यात उभा असतो.

आता चुलीचं. आमच्या घरी उज्ज्वलाचा गॅस सहा वर्षांपासून होता. त्यावर चहा व्हायचा आणि पाहुण्यांचा स्वयंपाक व्हायचा. सिलिंडर हजाराच्या वर गेलं तेव्हापासून तेही कमी. पऱ्हाटी शेतातून फुकट येते. शिवाय भाकर. गॅसवरची भाकर चामट लागते, असं आमच्या घरातले पुरुष म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा म्हणायचे. गॅस घरात आला म्हणजे चूल गेली असं मी सर्व्हेत धरत होते, पण आंघोळीचं पाणी तर गावातल्या बहुतेक घरांत आजही चुलीवर तापतं, आणि पहाटे ते तापवायला घरातली सगळ्यात म्हातारी बाई उठते.

दवाखान्यातून निघताना सिस्टरांनी बजावलं होतं की ऑक्सिजनच्या नळीजवळ विस्तव नको, भडका होतो. म्हणजे मशीन आणि चूल एका घरात राहूच शकत नव्हत्या. मिस्टरांनी घरातली चूल पहारीनं फोडली. आईंनी खाटेवरून बघितलं. त्या चुलीला त्या दर शनिवारी शेणानं सारवायच्या, पहिल्या भाकरीचा तुकडा अग्नीला द्यायच्या. फोडलेल्या चुलीची माती त्यांनी मला तुळशीत टाकायला सांगितली. पाण्याची चूल आम्ही गोठ्यापलीकडं नेली आणि ती मिस्टर पेटवतात. आता गॅसवर तवा ठेवून भाकर टाकते, फुगायला जाळीवर सोडते. आई खाटेवरून सांगतात, "आच बारीक कर व, कड कच्ची राह्यली." सात मीटरच्या नळीत त्यांचं अंगण आणि ओसरी बसते, स्वयंपाकघर बसत नाही. ते मी मोजूनच घेतलं.

नंतर मला कळलं की हे सगळं आपल्याच देशातल्या एका बाईनं फार आधी ओळखलं होतं. डॉ. एस. पद्मावती, दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ. फुप्फुसाच्या आजारानं हृदयाची उजवी बाजू निकामी झालेले पेशंट त्यांनी तपासले तेव्हा त्यात बिडी न ओढणाऱ्या बायकाही दिसल्या, आणि त्यांनी चुलीच्या धुराकडं बोट दाखवलं. त्यांचा तो अभ्यास १९५९ साली छापून आला. २०२० मध्ये, १०३ वर्षांच्या होऊन त्या कोरोनानं गेल्या. म्हणजे माझ्या सासूबाई जन्मायच्या आधीच हे लिहून ठेवलेलं होतं. साठ-पासष्ट वर्षांत ते आमच्या चुलीपर्यंत आलं नाही. ते आणणं माझं काम होतं असं मला वाटतं, फॉर्म त्यासाठीच दिलेला होता.

२०२४ च्या जुलैत पुन्हा इको झाला. दाब ६८ वरून ५४ वर आला होता. भिंत तेवढीच. उजवा कप्पा थोडा लहान दिसतो म्हणाले. त्या मधल्या काळात त्या एकदाच भरती झाल्या, होळीच्या आसपास, छातीत कफ धरला म्हणून. पाय उतरले आहेत. राखीला मामाजींनी स्वतः जाऊन नवे जोडवे आणले, जुन्या तुकड्यांची चांदी घालून, एक माप मोठे. आईंनी ते घातले आणि दिवसभर पाय लुगड्याच्या बाहेर काढून बसल्या.

मी आता इंधनाच्या रकान्यात गोल करते आणि पान उलटत नाही. ऑक्सिमीटर पर्समध्येच असतं. चूल म्हटलं की बोट मागते, पाय दाबून बघते, रात्री किती उशा घेता ते विचारते. गेल्या आठवड्यात आमच्या मागच्या गल्लीत एका अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईच्या बोटावर ८८ आलं. तिचा मुलगा म्हणाला, "मशीन खराब असन तुमची, मावशी." मी माझ्या बोटाला लावून दाखवलं, ९८. त्याच्या बोटाला लावलं, ९९. मग पुन्हा तिच्या. बोट मी चोळलं नाही. ८८. ती हात मागं घेऊन चुलीवरचं दूध बघायला वळली आणि वळता वळता खोकली.

सोमवारी सातच्या गाडीनं तिला घेऊन निघायचं ठरलं आहे.